केटा : वाळूची हद्द आणि असेंब्लीची हद्द

घानाच्या आग्नेय कोपऱ्यात, व्होल्टा नदीच्या मुखापासून टोगोच्या सीमेपर्यंत, वाळूची एक लांब पट्टी आहे. दक्षिणेला गिनीचे आखात, उत्तरेला केटाचे खाजण सरोवर. पट्टी कुठे दोन-अडीच किलोमीटर रुंद, तर कुठे जेमतेम काहीशे मीटर. पश्चिमेकडून निघाले की फुवेमे, द्झिता, अन्लोगा, वोए, तेग्बी, द्झेलुकोपे, केटा, वोद्झा, केद्झी, ब्लेकुसू, अगावेद्झी, सालाकोपे, अदिना अशी गावे लागतात आणि शेवटी सीमेवरचे अफ्लाओ. बहुतेक वस्ती एवे भाषा बोलणाऱ्यांची. त्यातही केटा आणि अन्लोगाच्या बाजूला अन्लो लोकांची.

२००४ मध्ये केटा शहराच्या सागरी संरक्षणाचे काम पूर्ण झाले. खर्च आठ कोटी अमेरिकी डॉलरहून अधिक. समुद्राने गिळलेला केटा-केद्झी रस्ता परत मिळाला, शहराचे उरलेले अंग वाचले. तरीही ७ नोव्हेंबर २०२१ रोजी याच पट्टीवर समुद्र घरांत शिरला आणि काही हजार लोकांना हातात येईल ते घेऊन बाहेर पडावे लागले. बंधाऱ्यांचे काम फसले असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा आहे. जिथे काम झाले तिथे ते बऱ्यापैकी टिकले. वाळू ज्या हद्दीत फिरते ती हद्द कोणत्याही एका कार्यालयाच्या अखत्यारीत नाही, खरी अडचण ही आहे. नदीचे पाणी सोडणारे एक खाते, दगड टाकणारे दुसरे, घरबांधणीचा परवाना देणारे तिसरे. आणि २०१९ मध्ये केटाचे केटा आणि अन्लोगा असे दोन जिल्हे झाल्यापासून परवाना देणाऱ्या असेंब्लीही, म्हणजे जिल्ह्याचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्थाही, दोन.

दोन पाण्यांमधली जमीन

केटाचा समुद्र दिसायला मवाळ आहे. इथे भरती-ओहोटीतला फरक साधारण एक मीटर. मुंबईत उधाणाच्या दिवसांत हाच फरक चार मीटरच्या वर जातो. हा फरक समजून घेतल्याशिवाय केटातल्या घरांची जागा कळत नाही. जिथे पाणी रोज चार मीटर चढते-उतरते तिथे माणूस आपोआप लांब घर बांधतो. जिथे ते एका मीटरच्या आत खेळते तिथे लाटेच्या रेषेपासून वीस-तीस पावलांवर चूल मांडली जाते आणि वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. मग एखाद्या रात्री पाणी नेहमीपेक्षा एक मीटर वर येते आणि त्या एका मीटरमध्ये सगळा मोहल्ला बसलेला असतो.

दुसऱ्या बाजूचे सरोवर घानातले सर्वांत मोठे. साधारण तीनशे चौरस किलोमीटर, पण हा आकडा ऋतूप्रमाणे फुगतो आणि आटतो. तोद्झी आणि आका या नद्या उत्तरेकडून पाणी आणतात. अन्यानुई खाडीवाटे व्होल्टाशीही त्याचा संबंध आहे. हा भाग गिनीच्या किनाऱ्यावरचा कोरडा टापू आहे. कोकणाच्या मानाने पाऊस फारच थोडा, तोही दोन हंगामांत विभागलेला. कोरड्या महिन्यांत सरोवराच्या कडा उघड्या पडतात आणि त्यावर मीठ साचते. चांगल्या पावसाच्या वर्षी तेच पाणी पट्टीच्या मागच्या दाराने घरात येते. सरोवर आणि भोवतालची दलदल १९९२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, त्यामुळे तिथे भराव टाकून वस्ती हलवायची म्हटली तर पक्ष्यांचा प्रश्नही सोबत येतो.

समुद्राकडून मागे सरकावे तर सरोवर, सरोवराकडून सरकावे तर समुद्र. म्हणून ‘किनाऱ्यापासून आत स्थलांतर करा’ हा सल्ला इथे अर्धवट ठरतो. आत जायला जागा आहे ती सरोवराच्या पलीकडे, अन्याको, आफिआदेन्यिग्बा, आबोर या बाजूला. पण समुद्रावर पोट असलेल्या माणसाला तिथे नेणे म्हणजे त्याचा धंदा बंद करणे.

वाळू कुठून येते, कुठे जाते

या किनाऱ्यावर लाटा नैर्ऋत्य आणि दक्षिणेकडून तिरप्या येतात. दक्षिण अटलांटिकमधल्या वादळांत तयार झालेली ही लांब फुगवट्याची लाट असते. उंची बहुधा मीटर-सव्वा मीटर, पण दोन लाटांमधले अंतर दहा ते पंधरा सेकंदांचे. तिरप्या लाटेमुळे वाळू पूर्वेकडे सरकत राहते. या वाहतुकीचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण वर्षाला दहा लाख घनमीटरच्या आसपासचा आकडा सर्रास वापरला जातो. जगातल्या जोरदार वाळूप्रवाहांपैकी हा एक. तो घानाच्या सीमेवर थांबत नाही, टोगो आणि बेनिनच्या किनाऱ्यानेही पुढे जातो.

या प्रवाहाला माल पुरवणारी मुख्य नदी व्होल्टा. १९६५ मध्ये अकोसोंबो धरण उभे राहिले आणि नदीचा बहुतांश गाळ जलाशयाच्या तळाशी बसू लागला. १९८२ मध्ये खाली क्पोंगचे दुसरे धरण झाले. मुखाजवळची वाळू पूर्वी दर पुरात भरून निघायची, ते थांबले.

पण केटाची धूप धरणाने सुरू केली हे म्हणणे बरोबर नाही. शहराच्या कडा ढासळल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत, म्हणजे धरणाच्या कितीतरी आधी, मोठा भाग गेला. वोएजवळ सेंट पॉल नावाचे भूशिर आहे. किनारा तिथे वळतो आणि केटा त्या वळणाच्या पलीकडे, सावलीत पडते. भूशिरापाशी वाळू साचते, वळणानंतर लाटांचा कोन बदलतो आणि प्रवाहाची ताकद वाढते. जितकी वाळू येते त्याहून जास्त उचलली जाते, आणि तूट किनाऱ्यातून भरून काढली जाते. धरणाने या जुन्या तुटीत भर घातली. हा भेद कोर्टकचेरीसाठी नाही, उपायासाठी महत्त्वाचा आहे. उद्या धरण नसते तरी केटाला बंधारे लागलेच असते.

डेन लोकांनी १७८४ मध्ये इथे प्रिन्झेनस्टाइन किल्ला बांधला. समुद्र त्याच्यापर्यंत पोहोचला आणि १९८० च्या सुमारास किल्ल्याचा मोठा भाग कोसळला. तो घानाच्या किनारी किल्ल्यांच्या जागतिक वारसा यादीत १९७९ मध्येच गेला होता, त्याचा लाटांवर परिणाम होण्याचे कारण नव्हते. त्याआधी, १९५० च्या दशकाच्या मध्यावर, पोलादी पत्र्यांची भिंत ठोकून पाहिली होती. खाऱ्या हवेत पोलाद गंजले. शिवाय उभी भिंत लाट शोषत नाही, परत फेकते. परतणारी लाट भिंतीच्या पायाची वाळू उकरते आणि भिंत पुढे कलते. महाराष्ट्रातल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचे काम पाहिलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल.

केटा कधीकाळी मोठे व्यापारी ठाणे होते. जहाजे खोल पाण्यात नांगर टाकत आणि होड्या लाटा फोडत माल किनाऱ्यावर आणत. १९६२ मध्ये तेमाचे खोल पाण्याचे बंदर सुरू झाले आणि जहाजे तिकडे गेली. शहर वाचवण्याची निकड राजधानीला वाटावी असे आर्थिक कारण नेमके त्याच दशकांत संपले, ज्या दशकांत समुद्राने वेग धरला.

२००४ चे काम नेमके काय होते

नुसती भिंत न बांधण्याचा शहाणपणा या आराखड्यात होता. त्याचे चार भाग होते. किनाऱ्यापासून समुद्रात घुसवलेले ग्रॅनाइटचे रुंद आडवे बंधारे, म्हणजे ग्रॉयन. केद्झीच्या बाजूला उतारावर दगडी अस्तर. सरोवराच्या कडेला भराव टाकून केटा ते केद्झी सुमारे आठ किलोमीटरचा उंच रस्ता, आणि विस्थापितांच्या घरांसाठी नवी जमीन. चौथे, केद्झी येथे पूर नियंत्रणाचे बांधकाम, म्हणजे सरोवर भरले की समुद्रात पाणी सोडण्याचा दरवाजा.

यातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग वाळू भरण्याचा. आडवा बंधारा बांधला की पश्चिमेकडून येणारी वाळू त्याच्या कुशीत अडकते आणि पूर्वेची बाजू उपाशी राहते. कप्पा पूर्ण भरेपर्यंत पुढे काही जात नाही. म्हणून बंधारे बांधतानाच सरोवराच्या तळातून वाळू उपसून ती कप्प्यांत ओतावी लागते. कप्पे आधीच भरलेले असले की नैसर्गिक प्रवाह बंधाऱ्यांच्या टोकांना वळसा घालून पुढे जाऊ शकतो. केटात हे केले गेले, म्हणूनच तिथला किनारा स्थिरावला.

तरीही पूर्वेकडची तक्रार खरी आहे. भरलेला कप्पाही एखाद्या जोरदार हंगामात रिकामा होतो आणि पुन्हा भरताना वाटेतली वाळू ठेवून घेतो. शेवटच्या बंधाऱ्यानंतर लाट मोकळ्या किनाऱ्यावर वळून आदळते. केद्झीच्या पलीकडे ब्लेकुसू, अगावेद्झी, सालाकोपे या गावांत धूप वाढली. पुढे ब्लेकुसूला सुमारे ४.३ किलोमीटरवर संरक्षणाचे काम करावे लागले. त्यानंतर दाब ब्लेकुसूच्या पूर्वेला सरकला. दगड टाकून सुटलेला प्रत्येक किलोमीटर पुढच्या किलोमीटरसाठी अर्ज लिहून ठेवतो. फरक इतकाच की ब्लेकुसू केटाच्या नव्हे, शेजारच्या केटू साउथ असेंब्लीच्या हद्दीत येते, त्यामुळे अर्जावर शिक्का वेगळा असतो.

पुनर्वसनाच्या घरांचा प्रश्न तांत्रिक नव्हता, पण सुटायला तोच जास्त अवघड. अन्लो भागात जमीन बहुधा कुळाची किंवा कुटुंबाची असते. एका वाड्यात तीन पिढ्यांचे वारस, त्यातले निम्मे आक्रा किंवा टोगोची राजधानी लोमे इथे. वाडा समुद्रात गेला की ‘एक घर गेले, एक घर द्या’ असा हिशेब करायचा की पाच चुली गेल्या म्हणून पाच घरे? यादी करताना हा नियम आधी ठरवून लेखी जाहीर केला नाही, तर यादी कधीच बंद होत नाही.

७ नोव्हेंबर २०२१

त्या रात्री चक्रीवादळ नव्हते. गिनीच्या आखाताच्या या कोपऱ्यात चक्रीवादळे येतच नाहीत. तारीख पाहिली तर उलगडा होतो. ४ नोव्हेंबरला अमावास्या, तीच आपली दिवाळीची. ५ तारखेला चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूवर. मोठी भरती अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येते, म्हणजे पाणी आधीच त्या वर्षीच्या वरच्या पातळीजवळ होते. त्यावर दुरून आलेली लांब लाट स्वार झाली. वादळ नाही, आणि पाणी मात्र बर्मवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या उंचवट्यावरून, घरात.

केटाच्या हद्दीत अबुतियाकोपे, केद्झीकोपे या वस्त्यांना फटका बसला. त्या शहराला लागूनच आहेत, पण २००४ च्या बंधाऱ्यांच्या पश्चिमेला, संरक्षणाबाहेर. पश्चिमेला अन्लोगाच्या हद्दीतली नदीमुखाजवळची गावे आणि पूर्वेला सालाकोपे, अगावेद्झी, अमुतिनू बुडाली. एकाच रात्री तीन असेंब्लींच्या हद्दीत.

इथे एक गफलत नेहमी होते. धूप आणि लाट ओलांडून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुपीत जमीन जाते आणि परत येत नाही. उपाय म्हणजे वाळू किंवा दगड. लाट ओलांडून आली तर पाणी आत येते, दोन दिवसांनी निघून जाते, जमीन बहुधा शिल्लक असते. त्यावर उपाय उंचीचा आहे : बर्म राखणे, जोते चढवणे, पाणी परत जायला सरोवराकडे चर काढणे. तिसरा प्रकार सरोवराच्या पुराचा. त्याचा उपाय समुद्राकडे नसून केद्झीच्या दरवाजात आणि धरणाच्या वेळापत्रकात आहे. मदतीच्या अर्जात तिन्ही ‘पूर’ म्हणून लिहिले जातात आणि तिन्हींवर एकच मागणी केली जाते : सागरी भिंत.

अशा लाटेचा इशारा देता येतो. लाट निघते ते ठिकाण हजारो किलोमीटर दूर असते आणि यायला काही दिवस लागतात. भारतात हैदराबादचे इन्कॉइस हे समुद्राची माहिती देणारे सरकारी केंद्र केरळपासून कोकणापर्यंत अशा फुगवट्याच्या लाटांचे इशारे देते. केटासारख्या असेंब्लीला स्वतःचे मॉडेल चालवायची गरज नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या तीन दिवसांची यादी वर्षारंभी काढायची आणि त्या दिवसांत जागतिक अंदाजात दोन मीटरच्या वर, चौदा सेकंदांपेक्षा लांब लाट दिसली की वस्तीप्रमुखांना फोन करायचा. एवढ्याने जमीन वाचत नाही. माणसे, जाळी आणि बियाण्याचे कांदे वाचतात.

मागच्या दाराने येणारे पाणी

सरोवर फुगले की पूर्वी केद्झीजवळ वाळूची पट्टी हाताने फोडून पाणी समुद्रात सोडत. आता दरवाजा आहे, पण निर्णय तितकाच कठीण. सरोवराची पातळी समुद्राच्या त्या वेळच्या पातळीपेक्षा वर असल्याशिवाय दरवाजा उघडून उपयोग नाही, उलट खारे पाणी आत शिरते. उघडायचा तो ओहोटी लागताना, आणि प्रवाह मंदावण्याआधी बंद करायचा. नाहीतर समुद्राची वाळू तोंडाशी बसते. फार पाणी सोडले तर सरोवरातल्या काळ्या हनुवटीच्या तिलापियाचा हंगाम जातो, थोडे सोडले तर अन्याकोच्या बाजूची घरे ओली राहतात. मासेमार, मीठ वेचणारे आणि काठावरचे रहिवासी या तिघांना तीन वेगळ्या पातळ्या हव्या असतात. म्हणून दरवाजाजवळ पातळीची खूण केलेला खांब असावा आणि कोणत्या पातळीला काय करायचे हे कोरड्या ऋतूत, डोके शांत असताना ठरवावे. पावसात बोलावलेल्या बैठकीत सर्वांत मोठ्या आवाजाचा विजय होतो.

२०२३ मध्ये वेगळेच पाणी आले. अकोसोंबोचा जलाशय कमाल पातळीजवळ पोहोचल्याने धरण चालवणाऱ्या व्होल्टा रिव्हर ऑथॉरिटीने १५ सप्टेंबरपासून पाणी सोडायला सुरुवात केली आणि ऑक्टोबरमध्ये विसर्ग वाढवला. सर्वांत मोठा फटका नॉर्थ तोंगू जिल्ह्यातल्या मेपे आणि आसपासच्या गावांना बसला, पण खालच्या अंगाला अन्लोगा आणि केटापर्यंत पाणी पोहोचले. एरवी गाळ अडवून धरणारे धरण त्या वर्षी पाणीच पाठवत होते. आणि स्वच्छ, गाळ नसलेले पाणी वाटेतले काठ जास्त खाते. केटाच्या असेंब्लीला या वेळापत्रकावर काहीच अधिकार नाही.

रापण, कांदा, मीठ

सिंधुदुर्ग किंवा गोव्यातली रापण पाहिलेल्याला अन्लो किनाऱ्यावरची ओढ परकी वाटणार नाही. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी बाहेर जाते, अर्धवर्तुळात जाळे सोडत काही अंतरावर परत किनाऱ्याला लागते. मग दोन रांगा दोन्ही दोर ओढत हळूहळू एकमेकींकडे सरकतात. एका ओढीला चाळीस-पन्नास माणसे सहज लागतात आणि काही तास जातात. मुख्य मासा मांदेलीच्या कुळातला छोटा अँकोव्ही. त्याशिवाय तारलीसारखा सार्डिनेला. जुलै ते सप्टेंबर थंड, खोल पाणी वर येते आणि तोच मोठा हंगाम. २०२१ ते २०२४ या वर्षांत होड्यांसाठी मासेमारीबंदीचा महिना जुलै होता. रापणकारांना तो हंगामाच्या तोंडावर बसला.

जाळ्याच्या डोळ्याचा किमान आकार समुद्रासाठी ताणून २५ मिलिमीटर असा नियम आहे. रापणीच्या पिशवीचा डोळा बहुधा याहून बारीक असतो, कारण २५ मिलिमीटरमधून अँकोव्ही निसटतो. नियम काटेकोर पाळला तर रापण संपते, न पाळला तर मोठ्या माशांची पिल्ले मरतात. रोजच्या व्यवहारात नियम कागदावर राहतो.

आता बंधाऱ्यांचा याच्याशी संबंध. रापणीला अखंड, दगडविरहित पुळण लागते. ग्रॉयन आले की किनारा कप्प्यांत तुटतो, दोन्ही दोरांना पुरेसे अंतर मिळत नाही आणि खाली घसरलेल्या दगडांत जाळे फाटते. संरक्षण मिळालेल्या गावात रापण मरते आणि न मिळालेल्या गावात घर. त्यामुळे ज्या गावाला बंधारा हवा आहे त्याच गावातला रापणमालक बैठकीत गप्प बसतो. आराखड्यात प्रत्येक दोन-तीन कप्प्यांमागे एक मोकळा, रुंद कप्पा ठेवणे शक्य असते, पण ते आधी मागावे लागते. दगड पडल्यावर नाही.

अन्लोगाच्या बाजूला पट्टी रुंद आहे आणि तिथली प्रसिद्धी छोट्या कांद्याची. शेती म्हणजे अक्षरशः वाळूवर मांडलेले वाफे. टेकाडाची वाळू खोलगटात ओढून वाफे भूजलापासून बेताच्या उंचीवर आणलेले. खत म्हणून शेण, कोंबडीखत, वटवाघळांची विष्ठा आणि न विकलेले छोटे मासे. पीक दोन-अडीच महिन्यांत निघते, वर्षाला तीनदाही घेतात, मध्ये गाजर, भेंडी, मिरची, टोमॅटो. पाणी विहिरीचे, पूर्वी झारीने, आता बहुतेक ठिकाणी विजेच्या पंपाने.

पंपाने कष्ट वाचले आणि धोका वाढला. पट्टीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत असते. ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर, त्याच्या साधारण चाळीसपट खोलीपर्यंत गोडे पाणी. म्हणजे पंपाने पातळी कायमची दहा सेंटीमीटर उतरली, तर खालून खारे पाणी चार मीटर वर येते. झारीच्या काळात मनगटच मर्यादा घालत होते. उपाय गुंतागुंतीचा नाही : एका खोल बोअरऐवजी चार-पाच उथळ विहिरी जोडून प्रत्येकीतून थोडे घेणे, सलग चार तासांऐवजी सकाळ-संध्याकाळ उपसा, आणि पाण्याची क्षारता दर पंधरवड्याला साध्या मीटरने मोजून ती चढू लागली की त्या वाफ्यांना एक हंगाम विश्रांती. समुद्राचे पाणी ओलांडून आलेल्या वाफ्यांत लगेच लावणी करू नये. वाळू असल्याने एका चांगल्या पावसात मीठ धुऊन जाते. तोवर लावलेले बियाणे वाया जाते, आणि बियाण्याचा कांदाच सर्वांत महाग.

मिठाबद्दल थोडक्यात : कोरड्या वर्षी सरोवराच्या कडेला मिळणारे मीठ हे कुटुंबाचे विम्यासारखे उत्पन्न आहे, आणि ते सार्वजनिक आहे असे लोक धरून चालतात. मोठ्या मिठागरांना जमीन भाड्याने देताना हा समज लेखी हिशेबात न घेतल्याने शेजारच्या केटू साउथमध्ये तंटे झाले आहेत.

असेंब्लीच्या हातात काय आहे

घानात जिल्हा आणि म्युनिसिपल असेंब्ली हा स्थानिक कारभाराचा मुख्य स्तर. सत्तर टक्के सदस्य निवडून आलेले, तीस टक्के सरकारने नेमलेले. निवडणूक पक्षविरहित. कार्यकारी प्रमुखाला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि असेंब्लीच्या दोन तृतीयांश मतांनी त्याला मान्यता लागते. पैशाचा मोठा वाटा केंद्राच्या सामाईक निधीतून. राज्यघटनेनुसार तो देशाच्या महसुलाच्या किमान पाच टक्के. स्वतःचे उत्पन्न म्हणजे बाजाराची पट्टी, घरपट्टी, परवाने. केटाचा बाजार चार दिवसांच्या चक्राने भरतो. पाणी बाजाराच्या दिवशी चढले तर असेंब्लीचेही नुकसान होते.

२०१० च्या जनगणनेत केटा म्युनिसिपल भागात १,४७,६१८ लोक होते. २०१९ मध्ये अन्लोगा वेगळा जिल्हा झाला. २०२१ च्या गणनेत केटात सुमारे ७९ हजार आणि अन्लोगात सुमारे ९५ हजार लोक आढळले. कार्यालय लोकांजवळ आले, हे खरे. पण सेंट पॉल भूशिर एका जिल्ह्यात आणि त्याच्या सावलीतले शहर दुसऱ्यात, अशी वाटणी झाली. अन्लोंचे पारंपरिक प्रमुख अवोआमेफिआ यांचे पीठ अन्लोगाला आहे आणि त्यांचा मान दोन्ही जिल्ह्यांत चालतो. दर नोव्हेंबरात होग्बेत्सोत्सो उत्सवाला सगळे एकत्र जमतात. एका टेबलाभोवती दोन्ही असेंब्लींना बसवायचे तर हा रस्ता अधिकृत पत्रव्यवहारापेक्षा जवळचा आहे.

सागरी बंधारा बांधणे असेंब्लीच्या आवाक्यात नाही. ते केंद्राच्या बांधकाम आणि जलविज्ञान खात्याचे काम. तिच्या हातात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही कमी लेखल्या जातात.

पहिली, वाळूउपसा. बांधकामासाठी किनाऱ्याची वाळू नेणे बेकायदा असूनही चालते. ‘वर्षाला दहा लाख घनमीटर वाहते, त्यात आमच्या ट्रकने काय होणार’ हा युक्तिवाद ऐकू येतो. हिशेब करून पाहावा. १५ × २२.५ × ४५ सेंटीमीटरच्या भरीव ब्लॉकचे आकारमान सुमारे ०.०१५ घनमीटर. दोन हजार ब्लॉकच्या घराला ३० घनमीटरच्या आसपास माल लागतो, त्यात बहुतेक वाळू. वाहत्या प्रवाहाच्या तुलनेत हे नगण्य. पण वाळू लाटेतून कोणी काढत नाही, ती कोरड्या बर्ममधून काढली जाते. दहा मीटर रुंद बर्म एक मीटरने उतरवला, तर ३० घनमीटर म्हणजे तीन मीटर लांबीची खिंड. लाटेला आत यायला तेवढी पुरते. शिवाय न धुतलेल्या वाळूतले मीठ सळई गंजवते आणि दहा वर्षांत स्लॅब फुटतो. पर्यायी वाळू आतल्या भागातून आणायची तर वाहतूक महाग, म्हणून नुसत्या बंदीने काही होत नाही. ब्लॉक बनवणाऱ्यांची नोंद आणि आतल्या वाळूचा एक ठरलेला डेपो हवा.

दुसरी, मोजणी. दर ५०० मीटरवर, घरांच्या मागे, हलणार नाही असा सिमेंटचा खांब. वर्षातून दोनदा, मोठ्या लाटांच्या हंगामाआधी आणि नंतर, ओहोटीला खांबापासून पाण्यापर्यंत दर दोन मीटरवर उंची. दोन माणसे, एक लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण), एक पट्टी, दिवसाला सहा-सात रेषा. याने किनारा वाचत नाही, पण बर्म कुठे खाली गेला आणि कोणती वस्ती पुढच्या उधाणात बुडेल हे कळते. मोजणी तिन्ही असेंब्लींनी एकाच आठवड्यात, एकाच शून्य पातळीवरून करायला हवी. वेगवेगळ्या संदर्भपातळीवर घेतलेले आकडे एकमेकांना जोडता येत नाहीत, आणि बहुतेक अशा मोजण्या नेमक्या याच कारणाने वाया जातात.

तिसरी, जोत्याची उंची. पट्टीवर घरे बांधूच नका हा नियम टिकत नाही, कारण जमीन कुटुंबाची आहे आणि दुसरी नाही. पण परवान्यात रस्त्याच्या पातळीपेक्षा साठ सेंटीमीटर वर जोते, विजेचे मीटर छातीच्या उंचीवर आणि शौचकूप विहिरीपासून उताराच्या खालच्या बाजूला, एवढे लिहिता आणि तपासता येते. २०२१ मध्ये जमीन न गेलेल्या अनेक घरांचे नुकसान मुख्यतः घरात शिरलेल्या पाण्याचे होते.

आता केटाला खोल पाण्याचे बंदर करण्याचा प्रस्ताव आहे आणि बंदर प्राधिकरणाने त्यासाठी कार्यालयही उघडले. लोमेच्या बंदराचे उदाहरण तासाभराच्या अंतरावर आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथली लाटरोधक भिंत झाली, पश्चिमेला पुळण रुंदावली आणि पूर्वेला अनेहोपर्यंत किनारा ढासळत गेला. केटात बंदर झाले, तर प्रश्न भिंतीच्या लांबीचा नाही. पश्चिमेला अडकणारी वाळू पूर्वेला टाकण्याचा आहे, दरवर्षी, बंदर असेपर्यंत. विशाखापट्टणमला ड्रेजरने हेच वर्षानुवर्षे केले जाते. हा खर्च बंदराच्या चालू खात्यात पहिल्या वर्षापासून लिहिलेला असावा आणि ब्लेकुसू ते अदिना या गावांना त्याचा हिशेब मागण्याचा करारात हक्क असावा. भूमिपूजनाआधी ही अट घालता येते. नंतर वाळू उचलण्याची रक्कम देखभालीच्या मथळ्याखाली जाते, आणि देखभालीच्या पैशालाच सर्वांत आधी कात्री लागते.